सदाफुली उन्हाळ्यात तगते आणि पावसाळ्यात मरते: कोकणातील अंगणासाठी अनुभव हवेत

गडग्याकाठी (गुहागर) | २२ ऑगस्ट २०२३

नमस्कार. आमचे घर समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर आहे. एप्रिल उजाडला की विहिरीचे पाणी तळाला जाते आणि मे महिन्यात ते मचूळ लागू लागते. त्यामुळे खळ्याच्या (अंगणाच्या) कडेने लावायची फुलझाडे कमी पाण्यावर जगणारी, बहुवर्षायू आणि मोकाट गुरांनी तोंड न लावणारी असावीत, असे आम्ही घरात सर्वांनी मिळून ठरवले होते. या तिन्ही अटींत बसणारे आणि शिवाय बारा महिने फुलणारे झाड म्हणून सदाफुलीवर एकमत झाले.

मागच्या नोव्हेंबरात तालुक्याच्या ठिकाणच्या एका रोपवाटिकेतून आम्ही संकरित जातीची चाळीस रोपे आणली. त्यांत लाल, जांभळी, केशरी आणि मध्यभागी गडद डोळा असलेली पांढरी अशी सगळी होती. खळ्याच्या पूर्वेला, सपाट जागेत, तांबड्या मातीत एक-एक फुटावर ती लावली. रोज सकाळी प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी घालण्याचे काम माझ्या सासूबाईंनी मोठ्या आवडीने केले. मे महिन्यापर्यंत ती जागा इतकी भरून आली होती की वाटेने जाणारी माणसे थांबून चौकशी करीत असत.

मिरगाचा पाऊस पडला, तोवर सगळे ठीक होते. जूनअखेरीस तीन-चार रोपांनी माना टाकल्या. जमीन चिंब ओली आणि रोप मात्र पाण्यावाचून सुकल्यासारखे, हे पाहून काय करावे ते कळेना. जुलै संपेपर्यंत चाळीसपैकी सदतीस रोपे गेली.

त्यांतले एक रोप मी मुळासकट उपटून पाहिले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे मुळे तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निसटून हातात येत होती, आत फक्त दोऱ्याएवढा धागा उरत होता. दुसरी गोष्ट मला अधिक चक्रावून टाकणारी होती. रोपवाटिकेच्या ट्रेमधील कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) निमुळता गोळा आठ महिन्यांनंतरही जसाच्या तसा होता. मुळांची दाटी त्या गोळ्यातच होती आणि बाहेरच्या तांबड्या मातीत जेमतेम चार-दोन मुळे उतरली होती. गोळा पिळला तर स्पंजासारखे पाणी गळत होते.

याच काळात, त्या जागेपासून पंधरा पावलांवर असलेल्या आमच्या जुन्या गडग्यात (चिरे रचून केलेल्या कुंपणाच्या भिंतीत), चिऱ्यांच्या फटीत आपोआप उगवलेल्या साध्या गुलाबी सदाफुलीची सात-आठ झुडपे उभी आहेत. त्यांना कोणी कधी पाणी घातले नाही, खत घातले नाही, आणि भर पावसातही त्यांच्यावर थोडी का होईना, फुले आहेत. तोच पाऊस, तेच आभाळ, मग हा फरक कशाचा? संकरित जातच नाजूक आहे, की जागा चुकली, की आमची निगा चुकली? ज्यांच्या अंगणात सदाफुली तीन-चार पावसाळे टिकली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माडाखाली (वेंगुर्ले) | २३ ऑगस्ट २०२३

ताई, आपण मुळांचे जे वर्णन केले आहे त्यातच बरेचसे उत्तर आहे. रोपटी मेली ती पावसाळ्यात, पण त्यांची घडण बिघडली ती आधीच्या सहा महिन्यांत, असे मला वाटते.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. तिकडे ती किनाऱ्यालगतच्या वाळूत वाढते. वाळूत पाणी वरच्या थरात थांबत नाही, त्यामुळे मूळ खाली खाली जाते आणि म्हणूनच हे झाड कोरडा काळ सोसू शकते. पाण्याचा ताण सोसणे हा गुण पानांत जेवढा आहे तेवढाच खोल गेलेल्या मुळांत आहे. रोज तांब्याभर पाणी बुंध्याशी पडले की ते कोकोपीटच्या गोळ्यात मुरते, भोवतालची माती मात्र भाजलेल्या विटेसारखी कोरडी राहते. मग मुळांनी त्या ओल्या गोळ्याबाहेर जावे तरी कशाला? सासूबाईंनी मायेने पाणी घातले, त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे झाडाला रोज पाणी घालणे हे पुण्याचे मानले जाते. परंतु या झाडाला पहिले तीन आठवडे नियमित पाणी दिल्यानंतर आठ-दहा दिवसांतून एकदाच, पण वीतभर खोल ओल जाईल असे पाणी द्यावे लागते.

आता गडग्याविषयी. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो आणि गडग्याच्या फटीत माती असते जेमतेम मूठभर. कितीही पाऊस कोसळला तरी ते पाणी घटकाभरात खाली निघून जाते, बुंध्याशी वारा खेळता राहतो आणि खालच्या जमिनीवर आपटून उडालेला चिखल तितक्या उंचीवर पोहोचत नाही. रत्नागिरी भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. इतर ठिकाणी सदाफुलीला पाणी किती लागते असे विचारतात, आपण मात्र पाणी किती वेळात निघून जाते हे आधी विचारायला हवे.

मी स्वतः गडग्याचीच नक्कल करतो. जागेच्या कडेने चिरे उभे लावून फूटभर उंचीचा वाफा बांधतो. तळाला चार बोटे चिऱ्याच्या कपच्या घालतो. वर दोन घमेली तांबडी माती, एक घमेले नदीची जाड वाळू आणि अर्धे घमेले पूर्ण कुजलेले जुने शेणखत, या हिशेबाने मिश्रण भरतो. भाताचे अर्धवट जळालेले तूस मिळाले तर तेही मिसळतो, त्याने माती घट्ट बसत नाही. समुद्राची पुळण वापरण्याचा मोह किनाऱ्यावर सगळ्यांनाच होतो, तो टाळावा, कारण तिच्यात मीठ असते आणि शिंपल्यांचा चुराही. रोप लावताना कोकोपीटचा गोळा पाण्यात बुडवून बोटांनी हलकेच मोकळा करावा आणि मुळे मातीला भिडतील असे पाहावे. वाफा पागोळीखाली तर मुळीच घेऊ नये. कौलांवरून एका रेषेत पडणारे पाणी चांगल्या वाढलेल्या झुडपाचेही बूड उघडे पाडते.

दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. उन्हाळ्यात ते विरळ दिसते, परंतु जुलैत त्या मोकळ्या जागेचा उपयोग कळतो.

आगोट (दापोली) | २४ ऑगस्ट २०२३

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात रोगाची बाजू जोडतो, कारण नुसत्या पाण्याने मरणे आणि पाण्यामुळे आलेल्या रोगाने मरणे यांत फरक करता आला तर उपायही नेमका करता येतो.

सदाफुलीवर आपल्याकडे पावसात दोन तऱ्हेचे मरण दिसते. पहिल्यात माती ओली असताना सबंध रोप एकदम मान टाकते, पाने फिकट पडतात आणि मुळांची साल आपण लिहिल्याप्रमाणे निसटते. ही मूळकूज आहे. दुसऱ्यात मुळे बरी असतात, परंतु शेंड्याकडचा कोवळा भाग आधी उकडलेल्या भाजीसारखा पाणचट व गडद होतो, वाकतो आणि दोन-चार दिवसांत काळा पडून खालपर्यंत वाळत येतो. हा शेंडेमर बहुधा फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जंतूमुळे येतो. मूळकुजीमागेही पुष्कळदा हाच असतो, जरी तिला कारणीभूत होणाऱ्या बुरशा इतरही आहेत.

फायटोप्थोरा हे नाव परके वाटेल, पण त्याची करणी कोकणातील प्रत्येक सुपारीवाल्याने पाहिलेली आहे. सुपारीवरचा कोळेरोग ज्याच्यामुळे येतो तो याच कुळातला. याचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. साचलेल्या पाण्यातून ते मुळांपर्यंत जातात आणि पावसाच्या थेंबाबरोबर उडालेल्या चिखलातून पानांवर चढतात. म्हणून सपाट जमीन, एक-एक फुटावरची दाटी आणि उघडी तांबडी माती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एका रोपाचा रोग महिन्याभरात सगळ्या रांगेत पसरतो.

उपाय म्हणून मी सुपारीचाच वापरतो, तो म्हणजे एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण. घरगुती प्रमाण सोपे आहे: दहा ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), दहा ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवावा, चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवून फडक्यातून गाळून घ्यावा आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नकोत. आकाशी निळा रंग आला की घासून लखलखीत केलेले लोखंडी पाते त्यात मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर धरला तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि त्याने पाने करपतील, म्हणून आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी. पाते स्वच्छ निघेपर्यंत हे करावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, दुसऱ्या दिवशी ते कामाचे राहत नाही.

पहिली फवारणी आगोटीच्या कामांबरोबर, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाने कोरडी असताना करावी आणि दुसरी जुलैत पावसाने उघडीप दिली की करावी. पानांची खालची बाजू व बुंधा भिजला पाहिजे. फुलांवर निळसर डाग पडतात, ते पंधरा दिवस सोसावे लागतात. हे काम विहिरीच्या काठावर करू नये आणि उरलेले मिश्रण पाण्याच्या पाटात ओतू नये.

एवढे सांगूनही मी हे स्पष्ट करतो की निचरा नसलेल्या जागी बोर्डो मिश्रणाने काही साधत नाही. आधी वाफा, मग फवारणी.

गडग्याकाठी | २४ ऑगस्ट २०२३

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे तहान लागू द्यायला हवी होती." मला वाटते, या दोन प्रतिसादांतून त्यांना नेमके कळले आहे.

एक शंका आहे. मेलेली रोपे काढून त्याच जागी ऑक्टोबरात नवी लावली तर चालेल का?

आगोट | २५ ऑगस्ट २०२३

त्या जागी लावू नका. हा रोग मातीत राहतो. मेलेली रोपे मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून जाळावीत किंवा लांब पुरावीत, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. ती जागा दोन वर्षे गवती चहा किंवा झेंडूसाठी वापरावी. सदाफुलीचा वाफा दुसरीकडे, थोड्या उताराच्या आणि दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशा ठिकाणी बांधावा.

सागरगोटा (मालवण) | २७ ऑगस्ट २०२३

मी थोडे वेगळे मत मांडू इच्छिते. सदाफुली बहुवर्षायू आहे हे खरे, परंतु कोकणात प्रत्येक झुडूप चार-चार वर्षे टिकवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा तिच्या बियांवर भिस्त ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आमच्या परसात गेली चौदा वर्षे सदाफुली आहे, पण तेच झुडूप चौदा वर्षांचे नाही. दर पावसाळ्यात काही जुनी जातात आणि दर सप्टेंबरात त्यांच्या पायाशी नवी पिढी उगवलेली असते. गडग्यातली झुडपे टिकून आहेत असे आपल्याला वाटते, त्यांतलीही काही दरवर्षी बदलत असतील.

बी धरण्याची रीत सांगते. फूल गळल्यानंतर त्या जागी दोन बारीक शेंगा जोडीने, शिंगांसारख्या उभ्या राहतात. त्या हिरव्या असताना तोडू नयेत आणि पूर्ण वाळू देऊ नयेत, कारण वाळल्या की त्या आपोआप उकलतात व बी मातीत जाते. शेंग पिवळसर होऊन तिच्यावर तपकिरी छटा आली की ती तोडून कागदाच्या पुडीत ठेवावी. दोन दिवसांत पुडी हलवली की आत खुळखुळ ऐकू येते. बी काळे, मोहरीहून लहान आणि एका अंगाला खाच असलेले असते. फेब्रुवारी-मार्चमधले बी मला सर्वांत चांगले वाटते, कारण पावसातल्या शेंगांना बुरशी लागते.

आता महत्त्वाची गोष्ट. या बियांना रुजताना अंधार लागतो. पुष्कळ जण बी वर भुरभुरवून ठेवतात आणि उगवले नाही म्हणून बियांना दोष देतात. बी पेरल्यावर पाव इंच मातीने झाकावे आणि वर ओले गोणपाट किंवा सुपारीची विरी (झावळीच्या बुडाचा रुंद भाग) पालथी घालावी. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत कोंब दिसू लागतात. पहिला कोंब दिसताच, त्याच संध्याकाळी, आच्छादन काढावे. एक दिवस उशीर झाला तर रोपे पांढुरकी व लांबट होतात. दोन पानांच्या तीन जोड्या आल्या की जागेवर लावावे. मी गणपतीनंतर, पाऊस ओसरताना पेरते, म्हणजे दिवाळीच्या सुमारास रोपे जमिनीत जातात आणि मिरगापर्यंत त्यांना मुळे खोल नेण्यासाठी सात महिने मिळतात.

संकरित जातींचे बी धरले तर रंग तोच येईल याची खात्री नसते. आमच्याकडे लाल फुलांच्या बियांपासून तीन वर्षांत बरीचशी गुलाबी झाली. मला त्याचे वाईट वाटत नाही. जी आमच्या पावसात तगली तिचेच बी पुढे आले, आणि आमच्या परसाला तीच हवी आहे.

फवारणीबद्दल मात्र माझे मन तयार होत नाही. परसात कोंबड्या फिरतात, फुलपाखरे येतात. जे झाड स्वतःचे बी स्वतः पेरून पुन्हा उगवते त्याच्यासाठी मोरचूद घेऊन बसावे असे मला वाटत नाही.

माडाखाली | २७ ऑगस्ट २०२३

ताई, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण तीन वर्षांच्या झुडपाची गोष्टच वेगळी असते. त्याचे बूड अंगठ्याएवढे जाड, लाकडी झालेले असते, घेर अडीच-तीन फुटांचा होतो आणि एप्रिलच्या रणरणत्या उन्हात त्याच्यावर एका वेळी शंभराहून अधिक फुले असतात. पहिल्या वर्षाच्या रोपाला हे जमत नाही. म्हणून मी दोन्ही करतो, बी धरतो आणि निवडक झुडपे राखतोही. आवडत्या रंगाचे झुडूप असेल तर ऑक्टोबरात चार बोटे लांबीचे कोवळे, फूल नसलेले शेंडे तोडून ओलसर वाळूत सावलीला लावले तर महिन्याभरात मुळे धरतात आणि रंग बदलण्याचा प्रश्न राहत नाही.

तिसरा मजला (रत्नागिरी) | २ सप्टेंबर २०२३

आमच्याकडे अंगण नाही, समुद्राच्या बाजूची गॅलरी आहे. चार कुंड्यांत सदाफुली आहे. पावसाचा मारा लागत नाही, तरी नवीन पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दुपारी पाने मिटल्यासारखी होतात म्हणून मी दोन वेळा पाणी घालते. कुंडीत सुंदर निचरा व्हावा म्हणून निम्मी पुळण मिसळली आहे. काय चुकते आहे?

आगोट | २ सप्टेंबर २०२३

ताई, दोन चुका आहेत आणि दोन्ही सहज सुधारता येतील. पुळणीतल्या शिंपल्यांच्या चुऱ्यात चुना असतो, त्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. सदाफुलीला किंचित आम्लधर्मी माती मानवते आणि आपली जांभ्याची तांबडी माती तशीच असते. माती पूर्ण बदलावी, पुळणीऐवजी नदीची वाळू किंवा चिऱ्याचा चुरा घ्यावा. मुळे सतत ओली राहिली तरी असेच पिवळेपण येते, त्यामुळे पाणीही कमी करावे.

दुपारी पाने मिटणे हा या झाडाचा उन्हापासून स्वतःला सांभाळण्याचा मार्ग आहे. संध्याकाळी सहाला पाहावे. तोवर पाने पुन्हा उलगडली असतील तर त्याला तहान लागलेली नाही. सकाळी उठल्यावरही पाने मिटलेली असतील आणि बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. खारा वारा सदाफुली बऱ्यापैकी सोसते, तरी आठवड्यातून एकदा पानांवर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा दिल्यास मिठाचा थर धुऊन निघतो. हा शिडकावा सकाळी द्यावा, रात्री पाने ओली राहू नयेत.

करवंद (देवगड) | ९ सप्टेंबर २०२३

मी दोन गोष्टींची भर घालतो, कारण त्या दोन्हींत माझी फसगत झाली होती.

एके सकाळी झुडपाचा एक बाजूचा फाटा पूर्ण निष्पर्ण दिसला. गुरांनी खाल्ले म्हणावे तर ती याला शिवत नाहीत. नीट पाहिले तेव्हा खालच्या फांदीला बोटभर लांब, पोपटी रंगाची अळी चिकटलेली होती. तिला स्पर्श करताच तिने मान आत घेतली आणि पुढच्या अंगावर दोन निळे डोळे उमटल्यासारखे झाले. ते डोळे नव्हेत, ठिपके आहेत. ही कण्हेरीवरच्या मोठ्या पतंगाची अळी आहे. कण्हेर, तगर, खुरचाफा, करवंद आणि सदाफुली ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. त्यांतल्या कण्हेरीवर, तगरीवर आणि सदाफुलीवर ही अळी वाढते. एका झुडपावर एक-दोनच असतात. मी त्या उचलून गडग्यापलीकडच्या रानटी तगरीवर सोडतो. फांदी पंधरा दिवसांत पुन्हा फुटते, औषधाची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एका झुडपाला फुलांच्या जागी हिरवी, पानांसारखी फुले येऊ लागली आणि शेंड्यांना बारीक पानांचे झुपके धरले. मला ती नवीन जात वाटली, म्हणून मी कौतुकाने तिचे शेंडे तोडून लावले! प्रत्यक्षात तो फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जंतूंचा रोग निघाला. वांग्याला पर्णगुच्छ येतो, त्याच जातकुळीचा. तुडतुड्यांमार्फत तो पसरतो आणि त्यावर उपाय नाही. असे झुडूप दिसताच उपटून नष्ट करावे.

आणखी एक विनंती. या झाडाची पाने मधुमेहावर चावून खाण्याची प्रथा आपल्या गावोगावी आहे. मधुमेहासाठी या पानांचा उपयोग होतो का, हे तपासतानाच कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांना १९५० च्या दशकात असे दिसले की पानांच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यातून कर्करोगावरील व्हिनब्लास्टिन हे औषध हाती आले. व्हिनक्रिस्टिनही याच झाडातले. इतकी प्रखर द्रव्ये ज्या पानांत आहेत ती कोणी मापाशिवाय खाऊ नयेत. अंगणात लहान मुले असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवावे.

गडग्याकाठी | १४ ऑक्टोबर २०२४

वर्ष उलटून गेले. आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले होते, म्हणून काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

मागच्या वर्षी मी तीन ठिकाणी लागवड केली. खळ्याच्या दक्षिणेला उतारावर फूटभर उंच वाफा बांधून त्यात अठरा रोपे लावली, नऊ संकरित आणि नऊ आमच्या गडग्यातल्या गुलाबीच्या बियांची. गडग्याच्या फटींत चिखलाच्या गोळीत बी घालून दहा-बारा ठिकाणी दडपले. आणि ज्यांना वाफ्यात जागा उरली नाही अशी सहा गावठी रोपे विहिरीच्या वाटेवर सपाट जमिनीतच लावली. पाणी पहिले तीन आठवडे नियमित दिले, नंतर दर आठव्या दिवशी. मे महिन्यात विहिरीने अगदीच तळ गाठला तेव्हा सोळा दिवस पाणी दिले नाही. पाने लहान झाली, दुपारी मिटली, पण एकही रोप गेले नाही आणि फुले तर जराही कमी झाली नाहीत.

आगोटीला बुंध्याजवळचा पालापाचोळा काढून चिऱ्याची बारीक कपची पसरली. बोर्डो मिश्रण वाफ्याच्या अर्ध्या भागावरच फवारले, कारण सागरगोटाताईंचे म्हणणे मनातून जात नव्हते.

पावसाळ्याचा हिशेब असा. सपाट जागेतली सहाही रोपे जुलैत गेली, म्हणजे केवळ गावठी असल्याने ती वाचत नाहीत हे मला कळले. वाफ्यातल्या गावठी नऊपैकी आठ जगली. संकरितांपैकी फवारलेल्या पाचांतली चार आणि न फवारलेल्या चारांतले एक जगले. गावठी रोपांत फवारणीने काही फरक पडलेला दिसला नाही. इतक्या थोड्या रोपांवरून नियम सांगता येत नाही, पण यंदा मी संकरितांवरच फवारेन आणि गावठींना तसेच ठेवीन.

गडग्यात बी दडपलेल्या जागांपैकी चार ठिकाणी उगवले आहे. सासूबाई रोज सकाळी रिकाम्या हाताने तिथे जाऊन उभ्या राहतात आणि पाने मोजून येतात.

तिसरा मजला | १५ ऑक्टोबर २०२४

फार आनंद झाला, ताई. माझ्या कुंड्यांतली माती बदलल्यावर पाने हिरवी झाली आहेत. आता झुडपे उंच, तळाला उघडी आणि शेंड्यालाच फुले अशी झाली आहेत. आपण वाफ्यातल्या झुडपांची छाटणी केली का? कधी आणि किती?

गडग्याकाठी | १५ ऑक्टोबर २०२४

हो, कालच केली. सलग चार दिवस कोरडे गेल्यावर, सकाळचे दव वाळल्यानंतर करावी, ओल्या दिवशी छाटले तर कापलेल्या टोकातून कूज शिरते. जमिनीपासून वीतभर उंची राखून, पानांच्या जोडीच्या थोडे वर, धारदार कात्रीने कापले. प्रत्येक फांदीवर निदान दोन जोड्या पाने राहतील एवढे पाहिले, कारण पूर्ण उघड्या लाकडावर छाटलेले माझे एक झुडूप मागे फुटलेच नव्हते. काळी पडलेली टोके आधी वेगळी कापून जाळली आणि कात्री उकळत्या पाण्यात बुडवून मग निरोगी झुडपांना लावली. कापताना पांढरा चीक येतो, तो डोळ्यांना लागू देऊ नये, हात साबणाने धुवावेत. छाटल्यावर मूठभर जुने शेणखत बुंध्यापासून चार बोटे लांब, गोलाकार घातले आणि एकदाच भरपूर पाणी दिले. कुंडीतल्या झुडपांना खत याच्या निम्मे पुरेल. एका झुडपाला मात्र मी हात लावला नाही, कारण त्याच्यावर पिवळसर झालेल्या सात शेंगा आहेत. त्या उद्या-परवा तोडून पुडीत घालीन आणि मग त्याची छाटणी करीन.